चुलबंद आवतन

"चुलबंद हाय का घरटी एक?"

आजींनी मला एवढंच विचारलं होतं. आमच्याकडे जेवणाच्या निमंत्रणाला आवतन म्हणतात आणि ते दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एका माणसाने यायचं. चुलबंद म्हणजे घरच्या सगळ्यांनी यायचं, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत, त्या दिवशी त्या घरात चूलच पेटत नाही. चुलबंद आवतन द्यायला छाती लागते. मी त्यांच्या दारात उन्हात उभी होते, डोकं तापलं होतं, आणि मागचापुढचा विचार न करता बोलून गेले, "चुलबंद!"

"बरं," आजी म्हणाल्या आणि पुन्हा सुपातली तूर निवडायला लागल्या.

येणार की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या मागे दारात त्यांची सून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत होते, आणि आम्ही दोघीही त्या सुपाकडे बघत असल्याचं दाखवत होतो.

गोष्ट अशी होती, की ती सून मे महिन्यात एकदा संध्याकाळी माझ्याकडे आली होती. गावात ती लोकांचे ब्लाउज शिवते. नवरा चाकणला कंपनीत, दिवाळीला आणि भीमजयंतीला घरी येतो. मुलगी सहा वर्षांची. मुलीची आत्या अकोल्याला असते, तिकडे मोठी शाळा आहे, आणि मुलीला तिकडे ठेवायचं असं घरात जवळजवळ ठरलं होतं. "मॅडम," ती म्हणाली होती, "हे म्हनतात मायले विचार. सासूबाई म्हनतात पाहू. त्याईले तुमची शाळा पटली त पोरगी माह्याजवळ राहीन. नाई पटली त जुलैत अकोल्याले." मग म्हणाली, "सहा वर्षाची हाय व मॅडम. रात्री अजून माह्या पदराचं टोक धरून झोपते."

"मग आजींना घेऊन ये ना शाळा बघायला," मी म्हटलं.

"त्या नाई येत. तुमच्या त्या गोदामात त्या पाय नाई ठेवत."

आमची शाळा माझ्या सासऱ्यांच्या कापसाच्या गोदामात भरते. मोताळ्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे, आणि गोदाम गावाच्या तोंडाशी आहे. सासरे गेले, कापसाचा धंदा त्यांच्या आधीच गेला होता. मी आणि नवऱ्याने तिथे भिंती रंगवल्या, खिडक्या पाडल्या, मधे दोन आडभिंती घातल्या आणि चौथीपर्यंतची शाळा सुरू केली. नवरा गणित शिकवतो. मी बाकीचं जे उरेल ते शिकवते. शेजारच्या गावची एक तरुण बाई आहे, ती पहिलीला शिकवते आणि रांगोळी काढते. आम्हाला ती इमारत म्हणजे शाळा. पण गावातल्या कितीतरी माणसांना ते अजून गोदामच आहे, हे मला माहीत होतं. आजींना ते काय आहे, ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारायची मला भीती वाटली होती.

दरवर्षी शाळा उघडली की पहिल्या दिवशी आम्ही नव्या मुलांच्या घरच्यांना बोलावतो. चहा, पेढा, नवऱ्याचं एक रटाळ भाषण, की झालं. निमंत्रण मोबाइलवर जातं. लोक येतात, उभ्या उभ्या चहा पितात आणि जातात. त्या वर्षी मीच हट्ट धरला, की जेवण करायचं. रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. आणि आवतन घरोघर जाऊन, तोंडाने द्यायचं. नवरा म्हणाला, "एका घरासाठी सगळं गाव जेवू घालणार का?"

"हो," मी म्हटलं.

तो हसला. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तो गेली कित्येक वर्षं सांगतो, आणि भिंगरी एकदा सुटली की मधे हात घालायचा नाही हे तो शिकला आहे.

तर आम्ही तिघांनी दोन दिवस फिरून आवतन दिलं. भीमनगरात, आजींच्या वस्तीत, मी स्वतः गेले. आणि आजींना चुलबंद सांगितलं म्हणून मग सगळ्यांनाच चुलबंद सांगावं लागलं. एकाला चुलबंद आणि दुसऱ्याला घरटी एक असं केलं असतं तर गावाने आमचं नाव टाकलं असतं. नवऱ्याने फक्त डोक्याला हात लावला.

जेवणाच्या दिवशी मी पहाटेच उठले. उठले म्हणजे काय, झोपलेच नव्हते. जुन्या मुलांचे चार-पाच बाप रोडग्यांचं बघायला येणार होते. ते आले, त्यांनी मैदानात गोवऱ्या रचल्या, कणकेचे गोळे त्या निखाऱ्यात पुरले, वरणाचं पातेलं चढवलं, आणि तंबाखू मळत सावलीत बसले. मोताळ्याच्या बाजारातून आणलेली काटेरी वांगी एक जण चिरत होता. सगळं नीट चाललं होतं. मी मात्र मांजरीच्या पिल्लासारखी त्यांच्या पायात पायात करत होते. मीठ बघा, पाणी भरा, पत्रावळ्या उन्हात नका ठेवू. शेवटी त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुमी तिकडं जाऊन बसा बरं. रोडगे तुमच्या धाकानं लवकर नाई भाजत."

बसणं मला जमत नाही. मी वर्गात गेले, फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहिलं होतं ते पुसून पुन्हा लिहिलं. पहिलं जास्त चांगलं होतं.

पेरण्या उरकल्या होत्या, डवरणीला, पिकातलं तण काढायला, अजून अवकाश होता, त्यामुळे लोक घरी होते. आभाळ भरून यायचं आणि नुसतंच तापून निघून जायचं. अंगाला कपडे चिकटत होते. सांगितलेली वेळ झाली. नवऱ्याने घंटा दिली. आमची घंटा म्हणजे लोखंडी रुळाचा एक तुकडा आहे, त्याचा आवाज पार नाल्यापलीकडे जातो. मी साडीच्या निऱ्या ठीक केल्या आणि फाटकात जाऊन उभी राहिले.

कोणी आलं नाही.

आमच्याकडची वेळ म्हणजे थोडी मागेपुढे, हे मलाही कळतं. मी आत गेले, पाणी प्यायले, बाहेर आले. रस्ता तसाच. एक म्हैस तेवढी आमच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. पहिलीची बाई म्हणाली, "येतीन मॅडम." मी तिच्यावर खेकसले, की तुझी रांगोळी फाटकाच्या इतकी जवळ का काढलीस, माणसं येणार कुठून. मग मीच त्या रांगोळीवरून फाटकाबाहेर गेले आणि परत आले. मोराची मान पुसली गेली. तिने काही न बोलता रांगोळीचा डबा पुन्हा आणला, आणि मला आणखीच राग आला, कारण ती बरोबर होती आणि गप्प होती.

नवऱ्याने पुन्हा घंटा दिली. या वेळी जरा लांबवर, दमदार.

रस्त्यावरून मलकापूरच्या मोठ्या शाळेची पिवळी बस आली. ती रोजच आमच्या फाटकासमोर हॉर्न देते, आमच्यासाठी नाही, पुढच्या वळणासाठी. पण त्या दिवशी तो हॉर्न मला आमच्यासाठीच वाटला. बसच्या खिडक्यांमधून टाय लावलेली मुलं दिसली. माझ्या डोक्यात झरझर सगळं जुळलं. गेले. सगळे तिकडे गेले. नुसतं हो हो केलं आणि तिकडे नावं घातली. आता आजींना कळणार, की ज्या शाळेत कोणी येत नाही तिथे आपली नात घालायची का. आणि ती मुलगी अकोल्याला पदर शोधत झोपणार.

"अरे, फोन करून बघ ना कोणाला तरी!" मी नवऱ्याला म्हटलं.

त्याने पहिलीच्या बाईला सांगितलं. तिने एकेकाला फोन लावला. "तयार आहात ना?" ती अदबीने विचारायची. पलीकडून उत्तर यायचं, ते मलाही ऐकू यायचं, "हाव, तयारच हाव मॅडम!" दुसरा फोन. "हाव, कवाचे तयार हाव!" तिसरा, चौथा. सगळं गाव तयार होतं आणि रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं.

"थट्टा करून राह्यले का आपली?" मी म्हटलं. मी बुलडाण्यात शिक्षकाच्या घरी वाढले, वर्गात शुद्ध बोलते, पण रागावले की माझं वऱ्हाडी बाहेर येतं. तोवर रोडगे निखाऱ्यातून निघाले होते. ते राख झटकून, फोडून तुपात टाकायचे असतात, ते काम थांबलं होतं. बाप मंडळी माझ्याकडे बघत होती. आता ती गंमतही करत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

मी चपला घातल्या आणि निघाले. "कुठे?" नवऱ्याने विचारलं. तोवर मी फाटकाबाहेर होते.

रस्त्याला लागलं की पहिलं दुकान वेल्डिंगचं. दुकानाचा मालक आमच्याच एका मुलाचा बाप, आणि त्या वर्षी त्याची धाकटी मुलगी पहिलीत येणार होती. दुकानाचं शटर बंद. त्याच्यासमोर स्टुलावर तो बसलेला. पांढरा स्वच्छ कुर्ता, डोक्याला टोपी, अत्तराचा वास. शेजारी बाकावर बायको, दोन मुलं गणवेशात, भांग पाडून, बुटांसकट. सगळे ओळीने बसलेले, फोटो काढायला बसतात तसे.

"अहो, हे काय? इथे काय बसलात?"

तो उठून उभा राहिला. "सलाम मॅडम. बसलो की. सकाळपासून चूल नाई पेटवली घरात. पोट्टे भुकेनं कुरकुर करून राह्यले."

"मग आला का नाहीत?"

त्याला माझा प्रश्न कळलाच नाही असं दिसलं. "बोलावनं कुठं आलं?"

आणि तिथे, त्या बंद शटरसमोर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्याकडे आवतन एकदा देऊन भागत नाही. आवतन आदल्या दिवशी. मग स्वयंपाक झाला, पत्रावळ्या मांडल्या, की घरोघर पुन्हा माणूस जातो आणि म्हणतो, चला जेवायला. ते बोलावणं. बोलावणं आल्याशिवाय उठून जाणारा माणूस खादाड ठरतो. हे मला माहीत नव्हतं का? माझ्या लग्नानंतर या गावात मी अशा बोलावण्यांना वैतागलेली आहे. नवऱ्याला माहीत होतं, त्याला वाटलं रोडगेवाल्यांनी कोणाला तरी पाठवलं असणार. रोडगेवाल्यांना वाटलं, शाळेचं जेवण आहे, बोलावणं मास्तर लोक देतील. आणि आम्ही मास्तर लोक घंटेवर विसंबून राहिलो. इतकी वर्षं रूळ बडवला की माणसं येतात अशी आम्हाला सवय.

"आम्ही घंटा दिली की हो दोनदा!"

"ऐकली ना. पन घंटा त पोट्ट्यायची असते, मॅडम," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, मला समजवायला नाही.

मला हसू आलं आणि रडूही आलं. "चला," मी म्हटलं, "जेवाले चला. हे बोलावनं. चला, उठा!" त्याची पोरं सुटलेल्या वासरांसारखी रस्त्याने धावली. तो म्हणाला, मोटरसायकल काढतो, गावात सांगून येतो. मी म्हटलं, नाही, मीच जाते. आवतन मी दिलं, बोलावणं दुसऱ्याने का द्यायचं?

मग मी गावात शिरले. जाईन तिकडे हेच. प्रत्येक ओट्यावर एक कुटुंब ठेवलेलं. नवी लुगडी, पावडर लावलेली बाळं, पाठीवर दप्तर घेतलेली मुलं, काठी धरून बसलेले आजोबा. एका घरी मुलाने गुपचूप बिस्किटाचा पुडा फोडला होता आणि आई त्याच्या पाठीत धपाटा घालत होती. "चला, जेवायला चला!" मी प्रत्येक दारात म्हणत होते आणि पुढे पळत होते. माझा जीव भांड्यात पडला होता. शाळा कोणी सोडली नव्हती. आम्ही त्यांची वाट बघत होतो, ते आमची. मी इतकी खुशीत होते की एका घरी तर चुकून ज्यांना आवतनच नव्हतं त्यांनाही बोलावून टाकलं. तेही आले.

पेठ झाली, मधली आळी झाली, पाटलांच्या बाजूची घरं झाली. मागे वळून बघितलं तर रस्त्याने माणसंच माणसं शाळेकडे चालली होती. मी नाला ओलांडला आणि भीमनगरात शिरले. तिथली दोन-तीन घरं आणि मग आजींचं, अगदी टोकाला.

आजी दाराशी बाजेवर बसल्या होत्या. पांढरं स्वच्छ लुगडं, चोपून बसवलेले केस. नात आईने शिवून ठेवलेल्या गणवेशात, दप्तर पाठीवर तसंच ठेवून त्यांच्या मांडीवर डोकं टेकून झोपी गेली होती. सून उंबऱ्यात उभी. आतली चूल मला बाहेरून दिसत होती, पोतेरं केलेली, गार.

"चला आजी," मी धापा टाकत म्हटलं, "जेवायला चला."

"पंगत उठली का?"

"नाही हो. बसलीसुद्धा नाही अजून."

"मंग आमचा लंबर कसा काय आला?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा आहे. त्या हसल्या नाहीत.

"पयलं घर कोनाचं घेतलं?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यावरचं. ते वेल्डिंगवाले."

"आन शेवटचं?"

मी मागे वळून आले त्या वाटेकडे बघितलं. पेठ, मधली आळी, पाटलांची घरं, नाला, भीमनगर. मी कोणालाही पुढेमागे ठेवायचं ठरवलं नव्हतं. मी फक्त रस्त्याने चालत आले होते. पण तो रस्ताच कोणीतरी खूप आधी तसा ठरवून ठेवलेला होता, आणि मी खुशीत त्याच्यावरून धावत आले होते.

आजी रागाने बोलत नव्हत्या. नातीच्या केसांवरून हात फिरवत, हळू बोलत होत्या, तिची झोप मोडू नये म्हणून. "आवतन आमाले येत होतं बाई. नाई येत होतं असं नाई. पन बोलावनं नाई येये. मंग आमी अंदाज घेवो. समद्या पंगती उठल्या, भांडे वाजाले लागले, का मंग जावो. तुमच्या त्या गोदामात म्या दहा सीझन कापूस वाहेल हाय. डोक्शावर गाठोडं असलं का त्या दारातून आत. गाठोडं उतरवलं का बाहीर. पानी मांगाचं त बाहीरून. बिना गाठोड्याची त्या दारातून कवाच गेलो नाई मी."

सून खाली बघत होती. मला माझ्या सासऱ्यांचा फोटो आठवला, शाळेच्या ऑफिसात हार घातलेला. रोज सकाळी मी त्याच्याखाली बसून हजेरी घेते.

"जा तुमी," आजी म्हणाल्या. "लोकं थांबेल असतीन. आमी येतो मांगून."

ते 'मांगून' म्हणजे काय, हे मला लगेच कळलं, आणि सुनेलाही कळलं. तिने तोंडाला पदर लावला. ते मांगून म्हणजे जुलै होता, अकोला होतं.

मी काय करायला हवं होतं, मला माहीत नाही. माफी मागायची तर कोणाच्या वतीने आणि किती जणांची? भाषण केलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि तूर निवडायला घेतली असती. मी तिथेच, बाजेच्या पायाशी, सारवलेल्या जमिनीवर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

"हे काय?" आजी म्हणाल्या.

"मग मीबी मांगूनच येतो तुमच्यासंगं."

"तिकडं पंगत?"

"नाही बसणार."

फोन वाजला. नवरा होता. "कुठे आहेस? सगळे आलेत. वरण वाढायला घेऊ का? रोडगे गार होताहेत." मी म्हटलं, घेऊ नको. तो म्हणाला, लोक भुकेले आहेत. मी म्हटलं, भुकेले राहू देत, पंगत बसवायची नाही. मग "बरं" म्हणाला. त्या एका "बरं"साठी मी त्याची सगळी रटाळ भाषणं माफ केली आहेत.

आम्ही बसून राहिलो. माझा पाय आपोआप हलत होता, मी त्याच्यावर हात दाबून धरला. शाळेत गावभरची माणसं ताटकळत असतील, पोरं रडत असतील, रोडगेवाले मला शिव्या देत असतील, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. आजी माझ्या त्या हलणाऱ्या पायाकडे बघत होत्या. त्यांना घाई नव्हती. बाजेवर बसून वाट बघायची त्यांना किती सवय असेल, हे माझ्या ध्यानात यायला लागलं, आणि मग मला त्यांच्याकडे बघवेना.

मुलगी जागी झाली. डोळे चोळत माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं. "आजी, भूक लागली व."

"हाव," आजी म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "पोट्टीले भूक लागली म्हून चाललो. दुसरं काई नाई."

"हाव आजी."

"आन तुमी मांगं राहा."

त्या आणि नात पुढे, मी आणि सून मागे, असे आम्ही नाला ओलांडून सगळ्या गावातून शाळेपर्यंत चालत गेलो. सुनेने वाटेत माझा हात एकदा दाबला आणि सोडला. मैदानात सगळे उभे होते. कोणी बसलेलं नव्हतं. गोदामाच्या दारापाशी आजी थांबल्या. चौकटीवर हात ठेवला, वर बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. मग दुसऱ्या हाताने आपल्या डोक्यावरचा पदर चाचपला, तिथे काही नाही ना हे बघावं तसा, आणि आत गेल्या. पहिल्या पत्रावळीवर त्या बसल्या, दुसऱ्यावर नात. वरण मी वाढलं. रोडगे दगड झाले होते. सगळे कडाकडा तोडून खात होते आणि कोणी तक्रार केली नाही. आजींनी मात्र केली.

"रोडगे गार हायेत," त्या म्हणाल्या.

मुलगी अकोल्याला गेली नाही. पहिलीत रमली, अक्षर गिचमिड काढते, गणितात नवऱ्याची लाडकी आहे. आजी तिला सोडायला रोज दारापर्यंत येतात. आत येतातच असं नाही.

यंदा शाळा उघडायच्या आधी त्यांनी मला दारातच गाठलं. "जेवन हाय का यंदा?"

"आहे की. चुलबंद."

"बोलावनं मी देतो. आन तुमीबी आपल्या घरी बसा. आल्याबिगर निंघाचं नाई."

"अहो, मी यजमान आहे!"

"पोट्टी माही शिकून राह्यली ना तिथं? मंग यजमान मी." असं म्हणून त्या गेल्या.

जेवणाच्या दिवशी रोडगे निघाल्याचं मला घरच्या ओट्यावरून, धुरावरून कळलं. आमचं घर शाळेच्या अगदी शेजारी, भिंतीला भिंत. मी नवी साडी नेसून ओट्यावर बसले. नवरा शेजारी पेपर वाचत होता. आमचीही चूल गार होती. आजींनी आपल्या घरापासून सुरुवात केली असणार. भीमनगरची माणसं आमच्यासमोरून शाळेत गेली. मग मधली आळी गेली. मग पेठ. वेल्डिंगवाला सहकुटुंब गेला, मला बघून हसला आणि हात केला. मी उठून उभी राहिले. नवरा पेपरातून म्हणाला, "बस."

मी बसले. पोटात कावळे ओरडत होते. विसरल्या तर नसतील? रागावल्या असतील का अजून? आता रस्त्यावर कोणी नव्हतं. शाळेतून माणसांचा गलका ऐकू येत होता, भांड्यांचा आवाज आला, आणि मला वाटलं, पंगत उठली. खरंच वाटलं. आता जावं का आपणच, अंदाज घेऊन, कडेकडेने? हा विचार मनात आला आणि मी दचकले, कारण 'अंदाज' हा शब्द माझा नव्हता.

मग कोपऱ्यावरून आजींची नात आली, आता दुसरीतली, पळत. तिच्या मागे, बऱ्याच अंतरावर, काठी टेकत आजी.

"मॅडम, चला जेवाले!" मुलगी ओरडली.

माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "पंगत उठली का गं?"

उत्तर आजींनी दिलं, रस्त्यातूनच. "उठीन कशी? बसलीच नाई. तुमच्यासाठी समदं गाव उभं हाय. उठा बरं आता."

मला उठताच येईना. नवऱ्याने पेपर बाजूला ठेवला आणि तो दुसरीकडे बघू लागला. मुलीने माझं बोट धरलं आणि जोरात ओढलं. तिला भूक लागली होती.